भावाच्या नावाने शिष्यवृत्ती: ट्रस्ट की ठेव?

ताई, गेलेल्या धाकट्या भावाच्या नावाने ५ लाखांची शिष्यवृत्ती ठेवायची तर ट्रस्ट काढू की त्याच्या शाळेकडेच ठेव देऊ, असं तुम्ही विचारलंय. माझी बहीण गेली तेव्हा मीही इथेच अडलो होतो. ट्रस्ट म्हणजे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि मग दरवर्षी हिशेबाची कागदपत्रं. ५ लाखांसाठी एवढा व्याप करू नका, असं माझं स्पष्ट मत.

आम्ही रक्कम तिच्या कॉलेजकडे दिली, पण अटी लेखी घेऊन: मुद्दलाला हात लावायचा नाही, पैसे फी भरायच्या वेळीच द्यायचे. ६ टक्क्यांनी ५ लाखांचे वर्षाला ३० हजार येतात. त्यातले ५ हजार तरी पुन्हा मुद्दलात टाका, नाहीतर महागाई वाढते आणि व्याज तेवढंच राहतं. कुणी कधीकाळी मायेने ठेवलेल्या १ हजाराचं व्याज आज ६० रुपये, म्हणजे जेमतेम एक वही. जीव तुटतो हो ते बघून.

आणि गुणांची अट कडक नको. माझ्या बहिणीला साठ टक्क्यांच्या वर कधी मिळाले नाहीत, पण अडलेल्या मुलींना ती रात्री जागून अकाउंट्स शिकवायची. म्हणून आमच्या अर्जात पहिला प्रश्न टक्क्यांचा नाही, 'घरी कोण कमावतं' हा आहे.