यावल तालुक्यात गावाच्या मालकीचं ब्रॉडबँड: ७ किलोमीटरला रेडिओ की फायबर?

पायथ्याचं_गाव:
राम राम मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, १२० घरं वर्गणी काढून स्वतःचं नेटवर्क उभारायला तयार आहेत. सर्वांत जवळचं चालू फायबर ७ किलोमीटरवर बाजारगावात. मध्ये केळीचे मळे, नाला, काळी जमीन. पाण्याच्या टाकीवर रेडिओ (बिनतारी इंटरनेट लिंक) लावावा की फायबर ओढावं? बँडविड्थ किती घ्यावी? आणि परवान्याचं काय?

तापीकाठ_लिंक:
भाऊ, रेडिओने सुरुवात करा, पण आधी उंची मोजा. ५.८ गिगाहर्ट्झवर ७ किलोमीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची (सिग्नलच्या रेषेभोवती मोकळी लागणारी जागा) त्रिज्या साधारण ९.५ मीटर येते. त्यातला ६० टक्के, म्हणजे ५.७ मीटर भाग मोकळा हवाच. पृथ्वीच्या वक्रतेचे अजून ०.७ मीटर धरा. केळी आड येत नाही, बांधावरचा निंब आणि आंबा येतो. झाड १२ मीटरचं असेल तर तिथे सिग्नलची रेषा जमिनीपासून १८.५ मीटरवरून जायला हवी. तुमचं गाव चढावर आहे हा फायदाच, पण बाजारगावच्या टोकाला टाकीवर मास्ट (अँटेनाचा उंच खांब) उभा करावा लागेल. पाहणी पावसाळ्यात करा, ओली पानं सिग्नल जास्त खातात.

५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त आहे, पण अँटेनासकट प्रक्षेपण ३६ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आत ठेवा. ३० डीबीआयची (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिश घेतली तर रेडिओची पॉवर ६ डीबीएमवर आणावी लागते. तरी मोठीच डिश घ्या, कारण तिचा खरा फायदा ऐकण्याच्या बाजूला होतो. २५ डीबीआयला सिग्नल उणे ६४ डीबीएमच्या आसपास मिळेल, ३० ला उणे ५९. पॉवर वाढवून लिंक ‘सुधारणं’ बेकायदा तर आहेच, शेजारच्या लिंकही त्याने खराब होतात.

बँडविड्थ: संध्याकाळच्या गर्दीत घरामागे २ एमबीपीएस धरा. १२० घरांना २४०, म्हणून ३०० घ्या.

केळीपट्टा_फायबर:
गावात मात्र वायफाय नको, जीपॉनच (एक फायबर वाटून अनेक घरांना देण्याची पद्धत) टाका. १:८ आणि पुढे १:४ स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा भाग) लावले की एका पोर्टवर ३२ घरं. १२० घरं चार पोर्टांत बसतात, पण वाढीला जागा उरत नाही, म्हणून आठ पोर्टांची ओएलटी (गावातले सगळे फायबर जोडायचं मुख्य यंत्र) घ्या. वाटेत सिग्नल किती घटतो त्याचा हिशेब असा: दोन्ही स्प्लिटर मिळून साधारण १८ डीबी, ४ किलोमीटर फायबर १.४, कनेक्टर आणि जोड २.५. एकूण २२. ओएलटीतल्या बी-प्लस मॉड्यूलला २८ डीबीपर्यंत घट चालते, म्हणजे पुरेशी शिल्लक. घरात उणे २५ डीबीएमपेक्षा कमकुवत सिग्नल दिसला तर आधी कनेक्टर पुसा. बहुतेक वेळा धूळच निघते.

काळ्या जमिनीत उथळ पुरू नका. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि ताण थेट जोडावर येतो. गावात वरून एडीएसएस (खांबावरून स्वतःच्या आधाराने जाणारी) केबल न्या. तिच्यात धातू नसतो, त्यामुळे विजेच्या तारेजवळ धोका कमी. महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय काही बांधू नका. रस्ता ओलांडताना किमान ६ मीटर उंची ठेवा, नाहीतर केळीचा ट्रक केबल ओढून नेतो. प्रत्येक जोडाजवळ १० मीटर जादा केबल गुंडाळून ठेवा.

पुढे ७ किलोमीटर फायबरही ओढायचं झालं तर शिवरस्ता आणि बांध वापरा. इंग्लंडमधल्या लँकाशायरात २०११ साली सुरू झालेल्या ‘बी-फोर-आर-एन’ या गावकऱ्यांच्या फायबर नेटवर्कला शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून फुकट वाट दिली. म्हणून तिथे दूरची शेतघरंही जोडता आली.

परवाना_पाहा:
ताई-भाऊंनो, साधं घरगुती कनेक्शन घेऊन घराघरांत विकणं बेकायदा आहे. परवानाधारक आयएसपीशी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) भागीदारीचा करार करा. ग्राहकांची ओळखपत्रं, बिलं आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी त्याची. फायबर आणि मास्ट गावाच्या संस्थेच्या मालकीचे राहतील आणि आयएसपी बदलता येईल, ही दोन वाक्यं करारात नसतील तर सही करू नका. मालकी गावाची राहते ती एवढ्यावरच.

चौक, शाळा, एसटी स्टँडसाठी पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफायची योजना आहे. डिसेंबर २०२० पासून त्यातल्या पीडीओला (वायफाय ठिकाण चालवणारा) परवाना किंवा नोंदणी लागत नाही. २०२५ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक) आदेशानुसार पीडीओला २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन किरकोळ दराच्या दुपटीहून महाग देता येत नाही.

पायथ्याचं_गाव:
लोडशेडिंगचं कसं करायचं?

तापीकाठ_लिंक:
ओएलटी, राउटर, रेडिओ मिळून ६० वॅट धरा. ८ तासांना ४८० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० एएचची (अँपियर-तास) लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० मिळतात. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. मास्टला वेगळं अर्थिंग आणि रेडिओच्या केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) द्या. वर्गणीतूनच एक जादा रेडिओ, एक ओएलटी मॉड्यूल आणि पाच ओएनटी (घरातली फायबरची पेटी) घेऊन कपाटात ठेवा. पहिल्या वळवात वीज पडली की तेच लागतात.