काही साइटवरचे फोटो क्रोममध्ये दिसतच नाहीत, मोबाईलवर मात्र दिसतात

शाईपेन
विंडोज १० चा लॅपटॉप आहे, बरेच महिने बंद होता, आता परत वापरायला काढलाय. क्रोम अपडेट केलं. काही साइट एकदम नीट उघडतात आणि काहींवर मजकूर सगळा येतो पण फोटोच्या जागी ते फाटक्या चित्राचं छोटं चिन्ह. त्याच वायफायवर मोबाईलवर सगळं दिसतं. कॅशे साफ केली, कंट्रोल शिफ्ट आर करून पाहिलं, काही फरक नाही. जिथे वाचावं तिथे ब्राउजर रीसेट करा म्हणतात, पण सेव्ह केलेले पासवर्ड उडतील अशी धास्ती वाटते.

उघडी_खिडकी
क्रोमच्या रीसेटने पासवर्ड, बुकमार्क, हिस्ट्री जात नाही, एक्स्टेन्शन (ब्राउजरला जोडलेले छोटे प्रोग्राम) बंद होतात आणि कुकीज उडतात म्हणजे सगळीकडे परत लॉगिन करावं लागेल. पण इतक्यात तिथे जाऊच नका, आधी कारण तर कळू दे. इनकॉग्निटो विंडोत तीच साइट उघडा, तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, तिथे फोटो दिसले तर अ‍ॅड ब्लॉकरसारखं काहीतरी आड येतंय. नाही दिसले तर न दिसणाऱ्या फोटोवर राइट क्लिक करून तो नवीन टॅबमध्ये उघडा आणि काय येतं ते इथे लिहा. यात खूप काही कळतं, लोक ते सोडून सेटिंग बदलत बसतात.

शाईपेन
इनकॉग्निटोमध्येही तेच. नवीन टॅबमध्ये उघडल्यावर फोटो नाही, "तुमचं घड्याळ मागे आहे" असं पान येतंय.

तारजोडणी
मग सापडलं. फोटो बऱ्याचदा त्याच साइटवर नसतात, वेगळ्या डोमेनवरच्या म्हणजे वेगळ्या वेब पत्त्यावरच्या सर्व्हरवरून येतात आणि त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे तो खरा आहे हे ब्राउजरला पटवणारा डिजिटल दाखला, वेगळं असतं. सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, लेट्स एन्क्रिप्टचं (ही सर्टिफिकेट फुकट देणारी संस्था) साधारण ९० दिवसांचं असतं आणि संपायच्या आधीच नवीन घेतात. तुमचं घड्याळ महिनाभर मागे असेल तर ज्यांनी सर्टिफिकेट नुकतंच बदललंय त्यांचं ते तुमच्या लॅपटॉपच्या हिशोबाने अजून सुरूच झालेलं नाही, जुनी असलेली चालतात, म्हणून काही साइट नीट आणि काही नाहीत. आणि अख्खं पान अडलं तर क्रोम मोठा इशारा दाखवतं, पण पानातला एखादा फोटो अडला तर गप्प बसतं, फक्त ते चिन्ह, त्यामुळे घड्याळाचा संशयच येत नाही कुणाला.

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करा, टाइम झोन बघा आणि सिंक नाऊ दाबा. लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर तारीख परत मागे गेली तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय, तो बदलावा लागेल.

उघडी_खिडकी
बरोबर. फायरफॉक्सवाल्यांसाठी एक, तिथे अ‍ॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन कॉन्फिग टाकल्यावर सेटिंगचं पान उघडतं, त्यात परमिशन्स डॉट डिफॉल्ट डॉट इमेज १ असायला हवं, २ असेल तर सगळेच फोटो बंद, ३ असेल तर फक्त दुसऱ्या डोमेनवरचे बंद.

शाईपेन
तारीख जवळजवळ महिनाभर मागेच होती!! सिंक केलं आणि सगळे फोटो आले, खूप आभार दोघांचे. आता फक्त एका साइटवर एकच फोटो येत नाहीये, मोबाईलवरही नाही.

तारजोडणी
एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जाऊन पान रीलोड करा (आधी टॅब उघडा मग रीलोड, नाहीतर नोंदी येत नाहीत), त्या फोटोच्या ओळीत स्टेटस काय आहे बघा. ४०३ म्हणजे सर्व्हर द्यायला नकार देतोय, बरेच जण आपले फोटो दुसऱ्या साइटवर लावू देत नाहीत त्यातलं ते असू शकतं.

शाईपेन
४०४ आहे.

तारजोडणी
मग त्या पत्त्यावर फाइलच नाहीये, तुमच्याकडून काही होणार नाही. कधी कधी फाइलच्या नावाच्या शेवटी कॅपिटल अक्षरं असतात आणि पानात स्मॉल लिहिलेली असतात, लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळी नावं. साइटवाल्यांना पानाची आणि फोटोची अशा दोन्ही लिंक पाठवा, नुसतं फोटो दिसत नाही म्हटलं तर त्यांना शोधता येत नाही.