कृत्तिकांमधलं लिथियम: वेगाने फिरल्यामुळे टिकतं की नुसतं जास्त दिसतं?

धूमकेतू:
कृत्तिकांचं वय साधारण १२ कोटी वर्षं. सगळ्या एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेल्या. तरी त्यातले सूर्याहून थोडे लहान, नारिंगी तारे पाहा. तापमान सारखं, पण एकाच्या वर्णपटात लिथियमची रेषा ठसठशीत, दुसऱ्याच्या पुसट. ठसठशीत रेषा बहुतेक वेळा त्यांचीच, जे दिवसाच्या आत स्वतःभोवती एक फेरी मारतात.

लिथियम साधारण २५ लाख अंशांना जळतं. ताऱ्याच्या बाहेरच्या उसळत्या थराचा तळ इतका तापला की वरचा साठाही हळूहळू संपतो. माझं मत स्पष्ट आहे: वेगवान फिरण्यातून जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याने तारा किंचित फुगतो, तळ थंड राहतो आणि लिथियम वाचतं. म्हणूनच फक्त लिथियमवरून एखाद्या ताऱ्याचं वय सांगणं मला धोक्याचं वाटतं.

वर्णपट:
नाही पटलं. आपण मोजतो ती ६७०.८ नॅनोमीटरची रेषा उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या लिथियम अणूंची. ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या थंड डागांमध्ये असे अणू जास्त, म्हणून रेषा गडद. वेगाने फिरणाऱ्यांवर डागही जास्त! शिवाय कृत्तिकांमध्ये पोटॅशियमची रेषासुद्धा ताऱ्यागणिक बदलते, आणि पोटॅशियम तर या ताऱ्यांत जळतच नाही. तिथे दोष वातावरणाचा, मग लिथियमलाच वेगळा न्याय का?

धूमकेतू:
पोटॅशियमचा मुद्दा रास्त आहे, पण तिथला ताऱ्यागणिक फरक लिथियमच्या मानाने लहान. आणि सगळा खेळ डागांचा असता तर तारा फिरताना त्याची रेषा चांगलीच कमीजास्त झाली असती. तसं फारसं दिसत नाही.

वर्णपट:
डाग सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर नाहीच दिसणार.

मघा:
तुम्ही दोघं वेगवान ताऱ्यांवरच अडलात. मला हळू फिरणारे जास्त महत्त्वाचे वाटतात. भोवतालच्या धुळीच्या चकतीने त्यांना बराच काळ रोखून धरलेलं असतं. बाहेरचा थर संथ, गाभा मात्र वेगात. दोघांच्या घर्षणाने खालीवर मिसळण होते आणि लिथियम खोल जाऊन जळतं. म्हणजे वेगवानांनी काही वाचवलं नाही, संथांनी गमावलं.

सूर्यच घ्या. उल्कापाषाणांच्या तुलनेत त्याच्या पृष्ठभागावर लिथियम सुमारे १५० पट कमी. त्याच्या उसळत्या थराचा आजचा तळ लिथियम जाळण्याइतका तापलेला नाही, म्हणजे ते कुठल्या तरी मिसळणीनेच खाली गेलं असणार. बेरिलियम मात्र जवळपास शाबूत, कारण त्याला जळायला ३५ लाख अंश लागतात. मिसळण फार खोल जात नाही, एवढं यातून नक्की कळतं.

धूमकेतू:
पण एनजीसी २२६४ या समूहाचं वय जेमतेम ५० लाख वर्षं. तिथेही वेगवानांत लिथियम थोडं जास्त आहे. गाभा आणि थर यांच्यात एवढी तफावत पडून मिसळण व्हायला इतक्या लवकर वेळ कुठून मिळाला?

मघा:
म्हणूनच मी कृत्तिकांबद्दल बोलते आहे, त्या समूहाबद्दल नाही. तिथला फरक छोटा आहे. त्यासाठी तुमचं फुगणं मला मान्य आहे, पण पुढच्या दहा कोटी वर्षांचा हिशेब त्यावर बसत नाही.