डावीकडच्या खिडकीचा प्रश्न

रविवार, रात्री ९:१०

वसुधाताई (बी-२): मंडळी, जेवणं झाली असतील तर नीट वाचा. आपल्या सोसायटीची सौराष्ट्राच्या किनाऱ्याची सहल पक्की होत आलीय. चार दिवस, तीन रात्री. भावनगर, महुवा, दीव, कोडीनार, सोमनाथ, माधवपूर, पोरबंदर, द्वारका. टेम्पो ट्रॅव्हलर सतरा सीटची, पण माणसं चौदाच. उरलेल्या तीन सीटांवर डबे, सामान आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे पाय. गाइड चारही दिवस आपल्याबरोबर. माणशी साडेअकरा हजार. नावं उद्या रात्रीपर्यंत द्या.

मंदार (सी-३): ताई, सतरा भरले तर स्वस्त नाही का पडणार?

वसुधाताई: पडेल ना. पण मागच्या वेळचं विसरलास का?

सुनंदाकाकू (ए-४): मी नाही विसरले. पंचेचाळीस माणसांची बस. माधवपूरला समुद्र इतका जवळ की वाळू रस्त्यावर आलेली. पंधरा मिनिटं दिली होती. एका दारातून पंचेचाळीस जण उतरेस्तोवर पुढचे पाणी बघून परत आले. मी एक चप्पल काढली आणि शिट्टी वाजली. आणि मग पुढे एका शोरूममध्ये सव्वा तास! चादरी बघा, बाटिक बघा. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. पण वाळू मी घरी येऊन पर्समधून काढली, पायांतून नाही.

मंदार: बरं बरं. चौदा म्हणजे चौदा.

शशीकाका (बी-१): दीवला एकच रात्र दिसते. दोन करता येतील का?

सुनंदाकाकू: का ते अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.

शशीकाका: किल्ला बघायचा आहे. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला. मोठा आहे किल्ला.

मंदार: काका, किल्ला संध्याकाळी बंद होतो.

शशीकाका: म्हणूनच दुसरा दिवस लागतो.

वसुधाताई: एकच रात्र. आणि शशीभाऊजी, गुजरातेत परत शिरताना नाक्यावर बाटल्यांसाठी बॅगा उघडायला लावतात. गाडी सगळ्यांची आहे, एकासाठी चौदा जण उन्हात उभे राहणार नाहीत.

शशीकाका: 👍

अनघा (ए-१): रो-रो फेरीनं जाऊ या ना! गाडीसकट बोटीत. मजा पडेल.

मंदार: अगं, ती आता हझिऱ्याहून सुटते. २०१७ ला सुरू झाली तेव्हा दहेज ते भावनगरजवळचं घोघा अशी होती, आपल्याला सोयीची. पण दहेजला गाळ साठायचा, मग २०२० मध्ये हझिऱ्याला नेली. सुरतेच्या लोकांची चांदी. आपण बडोद्याहून आधी खाली सुरतेपर्यंत जायचं आणि मग बोटीत बसून परत वर घोघ्याला यायचं, द्राविडी प्राणायाम नुसता. बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा या रस्त्यानं नाश्ता करत करत भावनगर.

वसुधाताई: नाश्ता घरचा. थेपले सुनंदाताईंकडे, लीलो चिवडो मी आणते. गाठियांचं ओझं न्यायचं नाही, भावनगरलाच जातोय आपण.

तांबेकाका (सी-१): पहिल्या दिवशी कोळियाकचा निष्कलंक महादेव घेतलाय का? मग तिथी बघून निघा. देऊळ समुद्रात आहे. भरतीला वर नुसता ध्वज दिसतो. ओहोटी लागली की चिखलातून चालत जाता येतं, पाच पिंड्या उघड्या पडतात. आमच्या दापोलीकडे सोपा हिशोब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणं सहा, म्हणजे सहा वाजता भरलेलं पाणी. घड्याळ लागत नाही.

वसुधाताई: हे मी गाइडला विचारलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं टाकते: "कोकणचं गणित खंभातच्या आखातात चालत नाही. आखात वर निमुळतं होत जातं, भरती आत पोचायला कित्येक तास उशीर होतो, आणि पाणी कोंडून उंच चढतं. भावनगरला भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, मुंबईच्या दुप्पट. मी बंदराचा तक्ता बघून वेळ सांगेन. वेळ नाही जमली तर कोळियाक सोडून पुढे जाऊ. चिखलात घाई करायची नसते."

तांबेकाका: माणूस बरा दिसतो.

सुनंदाकाकू: मला पण "सोडून पुढे जाऊ" हे आवडलं. मागचा गाइड सगळं दाखवायचा, दिसत काही नव्हतं.

अनघा: समुद्र पूर्ण रस्ताभर दिसणार ना पण?

वसुधाताई: नाही. आधीच सांगते, नंतर तोंड पाडायचं नाही. हायवे ५१ किनाऱ्याकिनाऱ्यानं जातो खरा, पण बराच वेळ आत जमिनीतून. महुव्याच्या आसपास कांदा, जिकडे तिकडे कांदा वाळवायचे कारखाने, काचा बंद केल्या तरी वास आत येतो. पुढे भुईमूग, कपाशी, नारळ, पवनचक्क्या. समुद्र अधूनमधून तोंड दाखवतो. चोरवाडकडे नागवेलीच्या पानांचे मळे होते, मी लहानपणी पाहिलेत. खरी गंमत माधवपूरला. एका हाताला नारळाच्या बागा, दुसऱ्या हाताला सरळ पाणी. तिथे दीड तास ठेवलाय. दोन्ही चपला काढा.

तांबेकाका: जाफराबाद वाटेत येतं का?

वसुधाताई: राजुल्याहून आत वळावं लागतं. का हो?

तांबेकाका: तिथे बोंबील वाळत घालतात. मैलभर बांबूंचे मांडव, आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं लोंबणारे बोंबील. आणि दुसरं म्हणजे ते जंजिऱ्याच्या सिद्दीचं गाव. आमच्या मुरुडसमोरचा जंजिरा आणि काठियावाडातलं जाफराबाद, दोन्हीकडे एकाच नबाबाचा अंमल. मध्ये अख्खा समुद्र. लहानपणी हे ऐकलं तेव्हा खोटं वाटलं होतं.

सुनंदाकाकू: बोंबलाच्या वासात शाकाहारी माणसं काय करणार?

तांबेकाका: काचा बंद करा. कांद्याला करणारच आहात ने.

रात्री ९:५५

अनघा: आप्पांनी वर व्हॉइस टाकलाय साडेचार मिनिटांचा. पंख्याचा आवाज आलाय म्हणून लिहून काढते. मधले खोकले गाळलेत.

अनघा: "तुम्ही सगळे देवळं मोजताय. त्या रस्त्यावर राज्यं मोजा. भावनगर ते महुवा गोहिलांचं. जाफराबाद जंजिऱ्याचं. ऊना जुनागढच्या नबाबाचं. दीव फिरंग्यांचं, ते १९६१ च्या डिसेंबरापर्यंत. पुढे कोडीनार आपलं, म्हणजे गायकवाडांचं. मग वेरावळ, चोरवाड पुन्हा जुनागढ. पोरबंदर जेठव्यांचं. मग जामनगरच्या जामसाहेबांची हद्द. आणि शेवटी ओखामंडळ, द्वारका-बेट सकट, पुन्हा आपलं. एका दिवसात गाडी सात राज्यांच्या हद्दी ओलांडते आणि कुणी विचारत नाही.

"आमचे बाबा द्वारकेला वहिवाटदार, म्हणजे मामलेदार, कचेरीत कारकून होते. बडोद्याहून निघालं की विरमगामला गाडी बदलायची, मोठ्या रुळावरून लहान रुळावर. आई ट्रंकेवर बसून राहायची, चोर नेतील म्हणून. ओखा बंदर महाराजांच्या सरकारनं बांधलं, १९२६ साली सुरू झालं. मिठापूरचा टाटांचा कारखाना १९३९ चा. आम्ही पोरं मिठाच्या ढिगांना हिमालय म्हणायचो. एकदा मी ढिगावरून घसरलो, गुडघा फुटला आणि जखमेत मीठ गेलं. ती म्हण आहे ना, जखमेवर मीठ, ती मला शाळेत शिकवावी लागली नाही.

"१ मे १९४९ ला बडोदा राज्य मुंबई इलाख्यात गेलं तेव्हा मी बारा वर्षांचा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कचेरीत गेले. मी येणार आहे सहलीला. कुणी मला विचारलं नाही म्हणून सांगतोय."

वसुधाताई: आप्पा, तुमचं नाव पहिलं लिहिलं.

मंदार: आप्पा, जबरदस्त. कोडीनारला गाडी थांबवायची.

अनघा: माझ्या बाबांचा पुण्याहून फोन आला होता. म्हणतायत की अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी चार दिवस गाडीत नको. आप्पा म्हणाले, "त्याला सांग, मी ट्रंकेवर बसून गेलोय, तो पुशबॅकवर बसून अडवतोय."

सोमवार, सकाळी ७:२०

वसुधाताई: रात्री झोप नाही लागली तेव्हा बघितलं. भावनगरहून द्वारकेपर्यंत समुद्र कायम आपल्या डाव्या हाताला आहे, म्हणजे गाडीच्या दाराच्या बाजूला. उजवीकडच्या खिडकीतून सगळी शेतं. आता हे सांगावं की नाही असा विचार करत होते.

शशीकाका: मी डावीकडची दुसरी.

सुनंदाकाकू: मी डावीकडे, आधी सांगितलं नव्हतं तरी.

मंदार: आमच्याकडे लहान मूल आहे, त्याला खिडकी लागते.

तांबेकाका: मला गाडी लागते. डावी-उजवी कुठलीही, पण चाकावरची नको.

वसुधाताई: म्हणूनच सांगत नव्हते. आता ऐका. रोज सकाळी प्रत्येकानं एक ओळ मागे सरकायचं, शेवटच्या ओळीतले पुढे. डावे-उजवे दुपारच्या जेवणानंतर बदलायचे. रुमाल टाकून सीट धरायची नाही. तांबेभाऊ कायम मधल्या ओळीत. आप्पांना डावीकडची पहिली, चारही दिवस, त्यावर चर्चा नाही.

मंदार: परतीचं काय? द्वारकेहून बडोदं पाचशे किलोमीटर. गाडीनं बसून बसून सगळे मोडतील.

वसुधाताई: सौराष्ट्र मेलनं यायचं, द्वारकेलाच बसायचं, बडोद्याला उतरायचं. गाडीवाला रिकाम्या परतीचे किलोमीटर लावणार, ते साडेअकरात धरलेत.

अनघा: बाथरूमसाठी किती वेळानं थांबणार?

वसुधाताई: दर दोन तासांनी, कुणी मागो न मागो. मागायला लाज वाटते म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, ते या वेळी नको. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या हँडबॅगेत ठेवा, डिकीत नको. सोमनाथ आणि द्वारका दोन्हीकडे मोबाइल आत नेता येत नाही, लॉकरची रांग असते. म्हणून दोघादोघांत एकानं बाहेर मोबाइल धरायचा आणि मग आत जायचं. बेट द्वारकेला आता बोट लागत नाही, २०२४ च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू सुरू झाला, गाडी सरळ पलीकडे.

शशीकाका: बोटीत पाखरांना गाठिये टाकायची मजा गेली म्हणायची.

तांबेकाका: दीवला खुकरी युद्धनौकेचं स्मारक घ्या. मी नेव्हीच्या डॉकयार्डात होतो, माझी विनंती समजा. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समोरच पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्लांनी जहाज सोडलं नाही. तिथे काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. बाकी कुणी नाही उतरलं तरी चालेल, मी दहा मिनिटं उभा राहीन.

सुनंदाकाकू: सगळे उतरू, तांबेभाऊ.

शशीकाका: हो. तिथे मीही येतो.

वसुधाताई: लिहिलं. दीवला सकाळचं पहिलं तेच. वाटेतली ती फांद्या फुटलेली ताडाची झाडं पण दाखवायला सांगितलीत, होका म्हणतात. आपल्या ताडाला कधी फांदी पाहिलीय का कुणी?

मंदार: पोरबंदरला खाजली घ्यायची. आणि फ्लेमिंगो असतात गावातच, थंडीत जातोय तर दिसतील.

सुनंदाकाकू: द्वारकेहून गोपीचंदन मला चार वड्या. गोपी तलावाजवळ मिळतं. मी स्वतः येतेच आहे, पण विसरले तर आठवण करा.

रात्री ८:४०

अनघा: आप्पांचा दुसरा व्हॉइस. छोटा आहे.

अनघा: "डावीकडची सीट नको. समुद्र मी बघितलाय, लहानपणी रोज बघायचो, शाळेच्या खिडकीतून. मला उजवीकडची द्या, ड्रायव्हरच्या मागची. मला ती गावं बघायचीत. बाबा फिरतीवरून आले की गावांची नावं सांगायचे, मी एकही पाहिलं नाही. गाडी जरा हळू न्यायला सांगा म्हणजे पाट्या वाचता येतील."

वसुधाताई: ठीक आहे, आप्पा. उजवीकडची पहिली तुमची.

मंदार: म्हणजे डावीकडची पहिली मोकळी झाली?

शशीकाका: मी ९:१० च्या मेसेजपासून ग्रुपवर आहे, माझा नंबर पहिला.

वसुधाताई: शशीभाऊजी, तुम्ही अजून पैसे नाही पाठवलेत.

शशीकाका: आत्ता पाठवले. स्क्रीनशॉट टाकतो.