आंदोलनात हिंसा झाली की "दोन्ही बाजू चुकल्या" म्हणणारे नेते, यात नक्की खटकतं काय?

चौकस_चंदू
अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात झालेल्या मोर्चावरून एका मित्राशी वाद चाललाय. त्याचं म्हणणं असं की 12 ऑगस्ट 2017 ला तिथे लाठ्याकाठ्या दोन्हीकडून चालल्या, व्हिडिओ आहेत, मग ट्रम्प "अनेक बाजूंनी" द्वेष आणि हिंसा झाली म्हणाला तर त्यात खोटं काय? वर "दोन्हीकडे खूप चांगली माणसं होती" हे वाक्य चॅनलवाल्यांनी अर्धंच दाखवलं म्हणतो. मला हे पटत नाहीये पण नेमकं उत्तरही सुचत नाहीये. मारामारी दोघांनी केली असेल तर दोघांचा निषेध करणं चूक कसं? प्लीज शिव्या न देता सांगा, तात्या (म्हणजे ट्रम्प) आवडो न आवडो.

कोरडा_पाऊस
मित्र एक गोष्ट विसरतोय, की हा मोर्चा मुळात कोणी बोलावला होता. रॉबर्ट ली हा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती, त्याचा पुतळा हटवायचं शहराने ठरवलं, त्याविरुद्ध गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी देशभरातून माणसं जमवली. आदल्या रात्री व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात मशाली घेऊन फिरले, "ज्यू आमची जागा घेणार नाहीत" अशा घोषणा दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली, 32 वर्षांची एक बाई गेली आणि कितीतरी जखमी झाले. आणि हे झाल्यावर, त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष म्हणतो "अनेक बाजूंनी", तेही दोनदा. झटापट दोन्हीकडून झाली हे खरंच आहे, कोण नाकारतंय, पण माणूस मेला तो एकाच बाजूच्या हातून आणि नेता तेवढंच नेमकं गाळतो. मला खटकतं ते हे गाळणं. त्याच्याच पक्षाच्या मिट रॉमनीने चार दिवसांत जाहीर लिहिलं की हे सारखं नाही, एक बाजू वंशद्वेषी आहे, नाझी आहे, दुसरी त्याला विरोध करतेय. म्हणजे हा डाव्यांचा कांगावा म्हणून सोडून देता येत नाही.

तिरकस
थांबा थांबा, मित्राच्या अर्ध्या मुद्द्यात दम आहे. ते "चांगली माणसं" वालं वाक्य ज्या 15 ऑगस्टच्या पत्रकार परिषदेत आलं, तिथेच ट्रम्प असंही म्हणाला होता की मी निओ-नाझी आणि गोऱ्या राष्ट्रवाद्यांबद्दल बोलत नाहीये, त्यांचा पूर्ण धिक्कार व्हायलाच हवा. आदल्याच दिवशी केकेके (गोऱ्या वर्चस्ववाद्यांची जुनी संघटना) आणि निओ-नाझींची नावं घेऊन निषेधही केला होता. हे वाक्य गाळून पुढचं फिरवणारेही कमी नाहीत, उगाच कशाला नाकारायचं.
आणि डेमोक्रॅट्स काय धुतल्या तांदळाचे आहेत का? जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने मारल्यावर जून 2020 मध्ये त्यांच्याच कमला हॅरिसने मिनेसोटातल्या आंदोलकांच्या जामिनासाठी पैसे द्या असं ट्वीट केलं तेव्हा मिनियापोलिसमधली पोलीस चौकी जळून चार दिवसच झाले होते.

कोरडा_पाऊस
@तिरकस, ते वाक्य आहे, मान्य. पण मग ती "चांगली माणसं" कोण होती सांगा ना? पुतळ्यापायी आलेली साधी माणसं होती असं तो म्हणाला, पण आदल्या रात्री मशाली घेऊन काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि मोर्चाची जाहिरातही वर्चस्ववाद्यांचीच होती. असल्या मोर्चात दिवसभर उभा राहणारा माणूस निव्वळ शिल्पकलेचा चाहता होता असं समजायचं का? शिवाय 14 तारखेचा निषेध कागदावरून वाचलेला, आणि 15 तारखेला तोंडाने बोलायची वेळ आली तशी गाडी परत जुन्या रुळावर.

साधी_गोष्ट
मी एक वेगळीच कसोटी लावते. नेता समोरच्यांच्या हिंसेवर काय बोलला ते सोडा, ते सगळेच बोलतात आणि फार तावातावाने बोलतात. स्वतःच्या माणसांनी केली तेव्हा काय बोलला ते बघा.
2017 मध्ये तात्याने त्या गर्दीतली चांगली माणसं शोधून काढली. जॉर्ज फ्लॉइड गेल्यावर 2020 च्या मे अखेरीस मात्र "लूट सुरू झाली की गोळीबार सुरू होतो" असं ट्वीट, तिथे दोन बाजू आठवल्या नाहीत. मग 6 जानेवारी 2021, त्याच्याच समर्थकांनी संसदेची इमारत फोडली, पोलिसांना मारलं, आणि व्हिडिओत म्हणतो घरी जा, आमचं तुमच्यावर प्रेम आहे. 20 जानेवारी 2025 ला परत पदावर आला त्याच दिवशी त्या प्रकरणातल्या सुमारे 1500 जणांना माफी. म्हणजे हिंसा किती झाली यावर त्याचा शब्द ठरत नाही, करणारा आपला की परका यावर ठरतो.
2020 च्या निवडणुकीतला त्याचा विरोधक बायडन, त्यालाही हीच कसोटी लावा. 31 ऑगस्ट 2020 ला पिट्सबर्गमध्ये तो म्हणाला की दंगल म्हणजे आंदोलन नव्हे, लूट म्हणजे आंदोलन नव्हे, करणाऱ्यांवर खटले भरा. मे अखेरीसही जाळपोळीचा निषेध केला होता, पण अशा क्रौर्याविरुद्धचं आंदोलन योग्यच आहे हेही त्याच निवेदनात म्हटलं होतं. हॅरिसचं ट्वीट मलाही खटकतं, पण जामिनाला पैसे मागणं आणि दोषी ठरलेल्यांना सरसकट माफी देणं यांना एकाच तागडीत घालायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

बाकावरचा
पोलिसांबद्दल कोणीच बोललं नाही? शहराने एका माजी सरकारी वकिलाकडून चौकशी करून घेतली, डिसेंबर 2017 मध्ये अहवाल आला, त्यात स्पष्ट आहे की मारामारी चालू असताना पोलीस उभे राहिले, दोन गट वेगळे ठेवलेच नाहीत. "दोन्ही बाजू" म्हटलं की हे तिसरं खातं आपोआप सुटतं. सत्तेतल्या कुठल्याही नेत्याला ते किती सोयीचं असतं बघा.

तिरकस
@बाकावरचा हा मुद्दा भारी आहे. @साधी_गोष्ट कसोटी मान्य, फक्त ती सगळ्यांना लावायची, आवडत्या नेत्यालाही.

चौकस_चंदू
धन्यवाद मंडळी. मित्राला धागा पाठवला. "माफीचं वेगळं प्रकरण आहे" एवढंच उत्तर आलंय, वेगळं कसं ते विचारलंय, बघू.