डॉ. मड निर्दोष होते, की फक्त दयाळू?

रानवाट: शमी, तुमची 'निर्दोष असून जन्मठेप भोगली, तरी पहारेकऱ्यांचे जीव वाचवले' ही डॉ. सॅम्युअल मड यांच्यावरची पोस्ट वाचून राहवलं नाही. लिंकनला गोळी घालून पळालेला बूथ १५ एप्रिल १८६५च्या पहाटे मड यांच्या मेरीलँडमधल्या घरी आला. त्यांनी बूट कापून काढला आणि नडगीशेजारचं मोडलेलं बारीक हाड पुठ्ठ्याच्या पेटीचे तुकडे लावून बांधलं. म्हणे अनोळखी जखमी! हाच बूथ नोव्हेंबर १८६४मध्ये त्यांच्याकडे मुक्कामाला होता. डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनला पुन्हा भेट झाली, ती तर तपासात लपवली.

शमी: ओळख म्हणजे कट नव्हे. मुलकी न्यायालयं चालू असताना नऊ लष्करी अधिकाऱ्यांनी खटला चालवला. फाशीला सहा मतं लागत होती, पाच पडली. याला न्याय म्हणता?

रानवाट: नाही म्हणत. पण खटला वाईट होता म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही. आणि पलायन गाळलंत ते? सप्टेंबर १८६५मध्ये फोर्ट जेफरसनहून, म्हणजे फ्लोरिडाजवळच्या बेटावरच्या ज्या किल्ल्यात ते कैदेत होते तिथून, निघणाऱ्या जहाजाच्या तळाशी फळ्यांखाली लपले, लगेच सापडले. पहाऱ्यावर कृष्णवर्णीय पलटण येणार, हे सहन होईना! गुलाम बाळगणारा माणूस होता तो.

शमी: त्याच माणसाने १८६७च्या पिवळ्या तापात, किल्ल्याचा डॉक्टर स्मिथ दगावल्यावर, रुग्णांची जबाबदारी घेतली. आजाऱ्यांना होडीतून सँड की या जवळच्या छोट्या बेटावर पाठवणं बंद केलं. वाटेतल्या हालांनीच माणसं खचत होती.

पाणवठा: सँड कीवर नेऊन साथ थांबणारही नव्हती. ताप चढतो तेव्हा, पहिले तीनेक दिवस, रुग्णाच्या रक्तातून डासाला लागण होते. होडी येईपर्यंत किल्ल्यातले डास चावून मोकळे. मग दहा-बारा दिवसांनी तोच डास दुसऱ्याला ताप देतो. म्हणून साथ थांबून पुन्हा उसळल्यासारखी वाटते. डासावरचा संशय क्युबाचे डॉक्टर फिनले यांनी १८८१मध्ये मांडला, अमेरिकी लष्करी डॉक्टर रीड यांच्या पथकाने १९००मध्ये सिद्ध केला. हा एडिस डास साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि किल्ल्यात पावसाच्या पाण्याच्या टाक्याच टाक्या.

मधुरा: आपल्याकडे डेंग्यूही तोच पसरवतो. पिंप नुसतं रिकामं करून उपयोग नाही, आतली कड घासावी लागते. अंडी कोरडी महिनोन्‌महिने तग धरतात, पाणी भरलं की अळ्या हजर.

रानवाट: अहो, धागा डासांवर नाही! मड यांना डास ठाऊक नव्हता. त्याच खटल्यातला कैदी ओ'लॉफ्लन त्यांच्या उपचारांखालीच तापाने दगावला.

शमी: औषधच नव्हतं हो! वाचलेल्या शिपायांनी सुटकेसाठी अर्ज केला, तो का केला असेल? फेब्रुवारी १८६९मध्ये राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा माफ केली, त्या आदेशात या सेवेचा उल्लेख आहे.

रानवाट: सेवा खरी, ती मी नाकारलेली नाही. पण माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे. पोस्टमधला 'निर्दोष' शब्द काढा.

शमी: काढणार नाही. 'डिसेंबरची भेट लपवली' एवढी ओळ घालते.