मदत हवी आहे: मुक्तस्रोत सुरक्षा प्रकल्पाला परदेशी अनुदान, देणगी म्हणून घ्यावं की मोबदला म्हणून?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. दिवसा नोकरी, आणि रात्री व शनिवार-रविवारी गेली पाच वर्षं एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा, सर्वांना खुला कोड) सांभाळते. कॉलेजातला एक मित्र सोबत आहे. भारतीय लिपीतलं डोमेन नाव दिलं, की ते दुसऱ्या कुठल्या नावाशी गल्लत होण्याइतकं सारखं दिसतं का, एवढंच ती लायब्ररी सांगते.

रोमन लिपीतली ही फसवणूक बऱ्याच जणांना माहीत असेल. २०१७ साली एका संशोधकाने सिरिलिक (रशियन लिपीतली) अक्षरं वापरून हुबेहूब अ‍ॅपलच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता, आणि क्रोम-फायरफॉक्सही फसले होते. आपल्याकडे .भारतने संपणारी डोमेन नावं २०१४ मध्ये सुरू झाली, पण आपल्या लिप्यांतल्या सारखेपणाकडे लक्ष देणारे फार थोडे. गुरुमुखीतला 'स' बघा, थेट आपला 'म' वाटतो. दोन्हीकडचा 'ठ' तर शेजारी ठेवला तरी ओळखू येत नाही. विसर्ग आणि कोलन यांचंही तेच. आणि मराठीचं खास दुखणं म्हणजे 'दऱ्या'मधला अर्धा र. तो 'ऱ'ला हलंत देऊन लिहिता येतो, किंवा साध्या 'र'ला हलंत देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना एकच शब्द, संगणकाला दोन. जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनच्या मूळ क्षेत्राच्या (म्हणजे '.भारत'सारख्या शेवटच्या भागाच्या) नियमांत ते अदृश्य चिन्ह चालत नाही, पण त्याखालच्या पातळीवर आणि ईमेलमधल्या दुव्यांत काय काय येतं ते मी रोज बघते. मी तपासलेल्या बहुतेक साधनांत हिंदीचा विचार असतो, या 'र'चा नसतो. म्हणून हे काम सोडवत नाही.

आता अडचण सांगते. मागच्या महिन्यात एका अनोळखी माणसाने सलग तीन चांगले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवले आणि लगेच कमिटचे अधिकार, म्हणजे कोड थेट बदलायची मुभा, मागितले. 'तुम्ही दमलेल्या दिसता, मी भार हलका करतो' असं लिहिलं होतं. माणूस भला असेलही. पण मला मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या मुक्तस्रोत साधनाचं प्रकरण आठवलं. तिथेही एकटा, बिनपगारी, थकलेला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) होता. मदतीला आलेल्याने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून एक अभियंता खोलात शिरला नसता तर काय झालं असतं! मी त्या माणसाला अजून उत्तर दिलेलं नाही. खरं सांगायचं तर मी दमले आहे, आणि माझं दमणं हीच या लायब्ररीतली सगळ्यात मोठी फट आहे असं वाटायला लागलंय.

म्हणून आठ महिने नोकरी अर्धवेळ करायची, कोडचं बाहेरून सुरक्षा ऑडिट करून घ्यायचं आणि कन्नड-तेलुगू, बांगला व गुरुमुखी नीट पूर्ण करायच्या, असं ठरवलं. त्यासाठी नेदरलँड्सच्या एनएलनेट फाउंडेशनकडे अर्ज करायचा विचार आहे. त्यांच्या एनजीआय झीरो निधीतून ५,००० ते ५०,००० युरोंपर्यंतची पहिली अनुदानं दिली गेली आहेत, आणि व्यक्तीलाही अर्ज करता येतो. वायरगार्ड या व्हीपीएन साधनालाही त्यांनीच मदत केली होती. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाची सुरुवातच ५०,००० युरोंपासून होते, तो आमच्या आवाक्याबाहेरचा.

गाडी अडते ती इथे. एनएलनेट पैसे देणगी म्हणून देतं. आणि परदेशातून आलेली देणगी म्हटली, की आपल्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, आला. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गटाने ३०० डॉलर पाठवले होते. बँकेने विचारलं, कशाबद्दल? मी खरं ते सांगितलं, देणगी. तीन आठवडे पैसे लटकले आणि शेवटी परत गेले. ३०० डॉलरचं ठीक आहे, पण नोकरीतले तास सोडल्यावर असं झालं तर घरचा हप्ता कसा भरू?

तुमच्यापैकी कोणी भारतात राहून असं अनुदान घेतलंय का? कागदावर काय लिहून घेतलंत? मित्र सरकारी तंत्रनिकेतनात शिकवतो, त्याचं नाव अर्जात घातलं तर त्याला त्रास होईल का? संस्था काढावी का? कृपया अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी सीए आहे. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे याला अंतिम सल्ला समजू नका.

एफसीआरए २०१० मध्ये परदेशी अंशदानाच्या व्याख्येतून एक गोष्ट वगळलेली आहे: व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात सेवेबद्दल मिळालेली फी. तुम्ही काम करणार, टप्प्याटप्प्याने देणार आणि त्याचे पैसे घेणार, हे खरोखर तसंच असेल तर करारातही तसंच लिहिलेलं हवं. आत देणगी ठेवून वर नुसता 'इन्व्हॉइस' लिहिलात तर चालणार नाही. देणारी संस्था देणगीवरच ठाम असेल तर पैसे येण्याआधी लेखी मत घ्या, नंतर नाही.

मित्राबद्दल स्पष्ट सांगतो. सरकारी नोकराला परदेशी अंशदान घ्यायला कलम ३ मध्ये मनाई आहे. त्यांनी कोड लिहावा, पैशाच्या कागदावर नाव नको. कोड लिहिण्यासाठीही खात्याची परवानगी घेतलेली बरी.

संस्थेच्या वाटेला जाऊ नका. एफसीआरए नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला आलेले पैसे दुसऱ्याला देता येत नाहीत, त्यामुळे कुणाच्या छत्रीखाली जाणंही बंद.

प्रतिसाद २

मी आइंडहोवनला असतो. एनएलनेटचे पैसे एकदा घेतलेत, पण इथे राहून, त्यामुळे एफसीआरएचं मला विचारू नका. अर्जाचं सांगतो. फॉर्म छोटा आहे, घाम फोडतो तो एक प्रश्न: आधीच्या कामांपेक्षा तुमचं वेगळं काय? ते 'र'चं उदाहरण तसंच्या तसं लिहा, वाचणारे तांत्रिक लोक असतात. युरोपशी संबंध दाखवावा लागतो. तिकडचा एखादा मेल गाळणी प्रकल्प तुमची लायब्ररी वापरत असेल तर ते आवर्जून सांगा. पैसे आगाऊ मिळत नाहीत, टप्पा पूर्ण झाला की मिळतात. म्हणून पहिला टप्पा तीन-चार आठवड्यांचाच ठेवा. ऑडिटचे पैसे बजेटमध्ये घालण्याआधी विचारा, कारण निवडलेल्या प्रकल्पांना सुरक्षा तपासणीची मदत ते वेगळी देतात.

प्रतिसाद ३

परदेशीच कशाला? झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी फ्लॉस फंड सुरू केला, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. आपल्या साइटवर किंवा रेपोत (कोड ठेवतो त्या जागी) फंडिंग डॉट जेसन नावाची फाइल ठेवायची आणि तिचा पत्ता कळवायचा. देणारी भारतीय कंपनी, म्हणजे तुमची मुख्य अडचणच उरत नाही. मात्र वापरात असलेले प्रकल्पच ते घेतात, तेव्हा कोण वापरतं याची यादी तयार ठेवा. फॉस युनायटेड या मुक्तस्रोतवाल्या संस्थेचीही छोटी अनुदानं असतात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. बजेट पुन्हा मांडलं आणि ऑडिटची रक्कम बाजूला काढली. फंडिंग डॉट जेसन आज रात्रीच रेपोत टाकते. एनएलनेटला, कामाच्या मोबदल्याचा करार शक्य आहे का, असं विचारणारी मेल लिहिली आहे, उत्तर आलं की इथेच कळवेन. मित्राशी बोलले, तो खात्याकडे अर्ज देतोय.

आणि त्या अनोळखी माणसाला अखेर उत्तर दिलं: पॅच पाठवत राहा, आम्ही दोघं तपासून घेऊ, अधिकार सध्या देता येणार नाहीत. त्याचं काही उत्तर आलं तर तेही सांगते. असा प्रसंग आणखी कोणावर आला असेल तर नकार कसा कळवलात तेवढं जरूर लिहा.